कोकणातलं सुट्टीचं घर: आधी पाऊस बघा, मग नकाशा काढा

कोकणातली जागा दाखवतात ती बहुतेक वेळा जानेवारी ते मे या दिवसांत. आंब्याला मोहर असतो, पायाखालचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, टोकाशी उभं राहिलं की समुद्र दिसतो, वारा लागतो आणि माणूस तिथल्या तिथे ठरवून टाकतो: इथेच, या टोकावर, समुद्राकडे तोंड करून घर. आम्हीही तेच ठरवलं होतं. राजापूर तालुक्यातली वडिलोपार्जित जागा, वर कातळाचा सडा, खाली उतारावर जुनी आमराई. नकाशाही तयार होता. पुढच्या जुलैत एका कामासाठी गावी गेले, तेव्हा जिथे माजघर येणार होतं तिथून घोटाभर पाणी वाहत होतं. शेजारचे काका म्हणाले, "दरवर्षी वाहतं गं इथून. तू कधी पावसात आलीच नाहीस."

तो नकाशा बाजूला ठेवला आणि पुढचे दोन पावसाळे जमीन समजून घेण्यात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथे कामाच्या क्रमाने लिहिते आहे.

मे महिन्यात राहायला म्हणून बांधलेलं घर टिकणार की सडणार, हे जून ते सप्टेंबरमध्ये ठरतं. तेव्हा आपण बहुधा तिथे नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. जुन्या कोकणी घराचं उतरतं कौलारू छप्पर, वाकून आत शिरावं लागेल इतकी खाली आलेली वळचण, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या घडीव ठोकळ्यांच्या) भिंती, उंच जोतं हे सगळं या पावसाने घडवलं आहे. पावसाचं ऐकून बांधलेलं घर म्हणूनच आजूबाजूच्या डोंगराला शोभतं. त्याला वेगळं सजवावं लागत नाही.

कागद आधी

कोकणात जमिनीपेक्षा तिचा सातबारा जास्त चढ-उतारांचा असतो. काही गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावं सहज निघतात. त्यातली काही माणसं हयात नसतात, काही मुंबईला, काही कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं. वाटणी न झालेल्या सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराच्या शब्दावर घर बांधू नका. सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढून 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. कुळाची नोंद किंवा खाजगी वनाचा शेरा तिथे सापडतो. १९७५ च्या कायद्याखाली खाजगी वन म्हणून नोंद झालेल्या जमिनी कोकणात आहेत. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. समुद्र किंवा खाडी जवळ असेल, तर किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात आपली जागा कुठल्या वर्गात येते ते पाहायचं. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून सोडायचं अंतर वर्गानुसार ५० किंवा २०० मीटर असू शकतं. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ यांसारखी झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी ती तोडायला परवानगी लागते, हे १९६४ च्या कायद्यापासून आहे. बिनशेती आणि बांधकाम परवान्याचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा ओळखीच्या माणसाने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत आजची स्थिती विचारा.

जुलैची फेरी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. तो गाळून पुढचं कितीही चांगलं केलं तरी उपयोग नाही.

पावसाळ्यात दोनदा जायचं: एकदा जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात, एकदा जुलैच्या शेवटी, जमीन पाणी पिऊन तुडुंब झाल्यावर. दोन्ही फेऱ्यांत दिसणारं पाणी वेगळं असतं. जूनमधलं पाणी वरून वाहतं. जुलैतलं जमिनीतून वर येतं. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. सड्यावर पडलेलं पाणी त्यात मुरतं आणि उतारावर कुठेतरी झऱ्यासारखं फुटतं. असे उमाळे मे महिन्यात ओळखूच येत नाहीत. घराखाली उमाळा आला तर कितीही सिमेंट ओतलं तरी जमीन ओलीच राहते.

बरोबर बांबूच्या खुंट्या आणि रंगीत चिंध्या न्या. पाणी जिथून वाहतं त्या वाटेवर एका रंगाच्या, जिथे उमाळा आहे तिथे दुसऱ्या रंगाच्या चिंध्या बांधून ठेवा. छत्री मिटून भिजत उभं राहा आणि झड कुठून येते ते अंगावर घेऊन बघा. पुस्तकात नैर्ऋत्य लिहिलेलं असतं, पण डोंगराची एखादी सोंड वाऱ्याला वळवते आणि आपल्या जागेवर झड भलतीकडूनच येते. झाडांच्या बुंध्यावर शेवाळ कुठल्या बाजूला दाट आहे, त्यावरूनही अंदाज येतो. गावातल्या गुराख्याला बरोबर घ्या. कुठला व्हाळ (ओढा) कधी फुगतो, कुठली पाखाडी (दगडी पायवाट) निसरडी होते, कुठे जनावर बसत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

याच फेरीत उताराची तब्येत बघायची. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर. हे लिहिताना हात जड होतो, पण सुट्टीच्या घराच्या गप्पांमध्ये ही गोष्ट कोणी काढत नाही, म्हणून लिहायलाच हवी. जमिनीला नवी भेग, एकाच दिशेला कललेली झाडं, स्वच्छ झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, यांतलं काहीही दिसलं तर ती जागा सोडून द्या. उभ्या उताराचा पायथा खणून तिथे सपाटी करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. दुर्दैवाने जेसीबी आल्यापासून तोच सगळ्यात सोपा झाला आहे.

घर कुठे बसवायचं

आपल्याकडची साधारण जागा तीन पट्ट्यांत असते: वर सडा, मधे उतार, खाली व्हाळाकाठचा मळा किंवा आगर.

मळ्यात पूर येतो. चिपळूणने २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बघितलं. छोटे व्हाळही एका रात्रीत तसंच वागू शकतात. सड्यावर समुद्र दिसतो, पण तिथे सावली नाही, वारा अडवायला काही नाही आणि वीज पडायचा धोका जास्त. शिवाय सडा सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) असला तरी पडीक नसतो. पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी तिथे जाऊन गुडघ्यावर बसा. सीतेची आसवं, दवबिंदू अशी कीटक खाणारी इवलीशी झाडं त्या बोटभर मातीत उगवलेली दिसतील. राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथे याच कातळावर कातळशिल्पं आहेत. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. आपल्या सड्यावर यंत्र चढवण्याआधी तो कातळ झाडून, पाणी मारून, तिरप्या उन्हात एकदा नीट बघा. त्यावर रेषा असतील तर काम थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

राहिला उतार. त्यातही सड्याच्या कडेपासून थोडं खाली, आधीच झाडं असलेल्या भागात, मोकळी जागा शोधायची. सड्यामुळे मागून वारा अडतो, झाडांची सावली आयती मिळते आणि बुंध्यांमधून समुद्राचा तुकडा दिसतोच. तेवढा पुरतो. दिवसभर चकाकणारा अख्खा समुद्र डोळ्यांना मे महिन्यात सोसवत नाही, हे राहिल्यावर कळतं.

जागा ठरली की एक सोपी परीक्षा करा. घराचं आढं जितकं उंच येणार तितक्या उंचीचा बांबू तिथे रोवा आणि टोकाला लाल कापड बांधा. मग समोरच्या डोंगरावर जा, खालच्या रस्त्यावरून चाला, जमलं तर होडीतून बघा. कापड झाडांच्या शेंड्यांच्या वर फडकताना दिसलं तर घर खाली सरकवा किंवा उंची कमी करा. आम्ही हे कापड तीनदा हलवलं. शेवटी ते फक्त शेजारच्या वाडीतून दिसायला लागलं, आणि जागा ठरली.

आता समपातळी. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, दोन माणसं, दोरी आणि फक्की एवढ्यावर उतारावरच्या सारख्या उंचीच्या रेषा आखता येतात. कोणताही गवंडी हे अर्ध्या दिवसात करून देतो. घराची लांबी या रेषेच्या बाजूने ठेवायची, आडवी छेदून नाही. तीन फुटांपेक्षा जास्त खोदावं लागत असेल, तर एका मोठ्या घराऐवजी दोन छोटे भाग करून एक वर, एक खाली बसवा आणि मधे पायऱ्या द्या. भराव टाकून सपाटी करू नका. भराव बसायला कित्येक पावसाळे लागतात, आणि तो बसतो तेव्हा वरची भिंत चिरते.

ऊन, वारा, झड

रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. याचा अर्थ असा, की मे महिन्यातलं दुपारचं ऊन भिंतीवर पडत नाही, सगळं छपरावर पडतं. दक्षिणेच्या खिडकीला मोठा सज्जा लावून त्याचं काही होत नाही. छप्पर नीट करा. संध्याकाळचं ऊन मात्र पश्चिम आणि वायव्येकडून आडवं आत घुसतं, आणि ते अडवायला खोल पडवी किंवा झाडच लागतं.

अडचण ही, की पश्चिमेकडेच सगळं आहे: समुद्र, दुपारनंतरचा गार वारा, तापलेलं ऊन आणि पावसाळ्यातली झड. आजकालचे नकाशे पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात. ती मेमध्ये भट्टी होते, जुलैत गळते, आणि लांबून उन्हात आरशासारखी चमकून अख्ख्या डोंगराची शांतता मोडते. जुन्या घरांनी याचं उत्तर दिलेलं आहे. पश्चिमेला सहा ते आठ फूट खोल पडवी, तिची वळचण जमिनीपासून साडेसहा फुटांवर, आणि आतल्या भिंतीला लाकडी झडपांच्या मध्यम खिडक्या. पावसाळ्यात पडवीच्या मोकळ्या बाजूला झावळ्यांची विणलेली झापं बांधायची. झापं विणणारं कोणी नसेल तर बांबूच्या तट्ट्याही चालतात.

वारा आत यायला पश्चिमेला जितकी उघडी जागा, त्याहून थोडी जास्त पूर्वेला ठेवा, म्हणजे तो घरातून खेळून जातो. स्वयंपाकघर ईशान्येच्या बाजूला असलं तर धूर आणि वास माजघरात येत नाहीत.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: लहान बांधा. मे महिन्यात माणूस ओटीवर असतो, खळ्यात असतो, झाडाखाली असतो. खोल्या झोपण्यापुरत्या लागतात. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागीलदारची पडवी साडेसातशे चौरस फुटांत बसते. गणपतीला वीस माणसं आली तरी माजघरात आणि ओटीवर अंथरुणं पडतात; आपण लहानपणी तसेच तर झोपलो. न्हाणीघर आणि संडास मुख्य घराला झाकलेल्या वाटेने जोडून किंचित बाजूला ठेवले, तर घराच्या भिंती कोरड्या राहतात.

छप्पर

कोकणातल्या घराची लांबून दिसणारी एकच गोष्ट म्हणजे छप्पर. म्हणून पैसा आणि विचार इथे सगळ्यात जास्त घाला.

मंगलोरी कौल हे आपण परंपरा म्हणून वापरतो, पण तेही एकेकाळी नवंच होतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची कौलं आणि गवताची छपरं होती. मंगलोरी कौल टिकलं ते गुणांवर. एकमेकांत अडकतं, फुटलं तर एकटं बदलता येतं आणि त्याच्या फटींतून गरम हवा निघून जाते. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. उतार ३० अंशांपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर झडीचं पाणी उलटं वर चढतं.

आकार चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरता, ठेवा. दुपाखी छपराच्या दोन टोकांच्या उभ्या त्रिकोणी भिंतींवर वारा थेट आदळतो, चौपाखीला तशी भिंतच नसते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत घरांची छपरं उडाली. पुढच्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतर छपराच्या बांधणीकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. वारा छप्पर दाबत नाही, खालून उचलतो. म्हणून वासे भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने आवळा, वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या दोन-तीन ओळींतली कौलं तारेने रिपांना बांधा. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं आणि एक पायरी खाली घ्या. वारा पडवीतच कोंडतो. ती गेली तरी घर राहतं.

लाकूड की लोखंड? जुनं घर पाडताना निघालेलं सागाचं, फणसाचं किंवा किंजळाचं लाकूड मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड आता नव्याने मिळत नाही. नसेल, तर जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी चौकोनी नळ्या वापरा आणि जोडाच्या जागी पुन्हा रंग द्या, कारण खारी हवा आधी जोडच खाते. कच्चं, ओलं लाकूड मात्र नको. दोन वर्षांत वाकतं आणि त्यात भुंगा शिरतो.

आता माकडांचा प्रश्न. तो खरा आहे. माकडं कौलं फोडतात, शाकारणीला (कौलं परतून बसवायला) माणूस मिळत नाही, म्हणून गावंच्या गावं निळ्या पत्र्याखाली गेली. ज्यांनी हे केलं त्यांना मी दोष देणार नाही. वर्षभर गावात राहणाऱ्याला गळकं घर सोसत नाही. पण नव्याने बांधणाऱ्याला मधला मार्ग आहे: खाली पत्रा, त्याच्यावर रीप, आणि वर कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, पत्र्याला ऊन लागत नाही आणि पावसाचा ताशाही वाजत नाही. खर्च वाढतो, तो छपराचा आकार लहान ठेवून भरून काढा. तिरप्या काँक्रीटच्या स्लॅबवर नुसती शोभेची कौलं चिकटवणं मला पटत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता टाकत राहतो. आणि खाडीची न धुतलेली वाळू वापरली गेली, तर आतल्या सळया गंजून काही वर्षांत स्लॅबचे पापुद्रे पडायला लागतात.

कौलांखाली माळा हवाच. डोक्यावरचं ऊन कौलं घेतात, मधली गरम हवा आढ्याजवळच्या फटींतून निघते आणि खोलीत फक्त माळ्याच्या फळ्या दिसतात. फटींना बारीक जाळी लावा, वटवाघळं येत नाहीत.

भिंती: चिरा उघडा ठेवायचा का?

जांभा जगभर 'लॅटराइट' या नावाने ओळखला जातो. फ्रान्सिस बुकॅनन या सर्वेक्षकाने केरळात तो बघून १८०७ मध्ये ते नाव दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून चिरा आणून लगेच भिंतीत घालू नका. जमलं तर एक पावसाळा रचून ठेवा. पाऊस स्वतःच निवड करतो. ज्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे खिसे आहेत तो विरघळायला लागतो, तो गडग्याला (कुंपणाच्या रचीव भिंतीला) वापरा. उरलेला ठोकून बघा: खणखणीत वाजला तर भिंतीला, बद्द वाजला तर बाजूला. चिरा साधारण १४ ते १५ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच येतो, त्यामुळे ९ इंची भिंत सरळ उठते.

आणि मोठा वाद: गिलावा करायचा की चिरा उघडा ठेवायचा? उघडा चिरा सुंदर दिसतो, मातीचाच रंग असल्यामुळे घर जमिनीतून उगवल्यासारखं वाटतं. पण जुन्या गोव्यातली बॉम जेझूसची बॅसिलिका आठवा. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या जांभ्याच्या इमारतीवर साडेतीनशे वर्षं चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून दगड उघडा केला गेला, आणि तेव्हापासून पावसाने तो झिजतो आहे. गिलावा परत करावा की नाही यावर आजही चर्चा चालते. उलट, वळचणीखाली असलेला उघडा चिरा शंभर वर्षं सहज राहतो. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० च्या सुमाराचा. तोही जांभ्याचाच, आणि त्याच्या डोक्यावर उतरती छपरं आहेत.

तेव्हा नियम सोपा करा. जिथे तीन फुटांची वळचण किंवा पडवी आहे तिथे चिरा उघडा ठेवा आणि दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरा. जिथे झड थेट लागते, त्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी, हवी तर त्यात गेरू किंवा पिवडी मिसळून. चुना श्वास घेतो. आत शिरलेली ओल बाहेर जाऊ देतो. प्लास्टिकसारखा रंग ती कोंडतो आणि मग फुगून सुटतो. दरजा भरतानाही नुसतं कडक सिमेंट नको, चुना घातलेला मसाला घ्या, नाहीतर दरज राहते आणि भोवतीचा मऊ दगड झिजतो.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या आजी-आजोबांना आठवत असे. त्या आठवणीला मान देऊन जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे चारही बाजूंनी सलग फिरवा. त्यांचा आराखडा बांधकाम अभियंत्याकडून काढून घ्या. इथे अंदाज चालत नाही.

जोतं निदान दोन ते अडीच फूट. चिरा पाणी वर ओढतो, म्हणून जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर विसरू नका. वाळवीचा बंदोबस्तही पाया उघडा असतानाच करायचा. जमिनीला शेणाचं सारवण मनाला कितीही भावलं तरी बंद घरात त्याला बुरशी येते आणि ते उखडतं. आत लाल कोबा, बाहेर खळ्याला चोपलेली आणि सारवलेली जमीन, ही वाटणी आम्हाला मानवली.

पाणी

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पडला तर ३ लाख लिटर. उन्हाळ्यात सहा माणसं ४५ दिवस राहिली आणि प्रत्येकी दिवसाला १०० लिटर धरलं, तर लागतात २७,००० लिटर. एवढ्या पावसाच्या मुलखात मेमध्ये टँकर मागवावा लागतो, याचं कारण साठवणीचा अभाव, पावसाचा नव्हे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल अशी जमिनीतली टाकी ३०,००० लिटरची होते. ती मागच्या पडवीखाली गेली तर दिसतही नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, मग जाळी आणि वाळूच्या गाळणीतून टाकीत घ्यायचं. टाकी घट्ट झाकलेली हवी. उजेड आत शिरला की शेवाळ, फट राहिली की डास.

पन्हळ लावताना फक्त टाकीकडच्या पाख्याला लावा. बाकी तिन्ही बाजूंना पागोळ्या पडू द्या. त्या जिथे पडतात तिथे दोन फूट रुंदीचा गोट्यांचा पट्टा केला की चिखल भिंतीवर उडत नाही.

सांडपाण्याचं नीट ऐका. जांभ्याला भेगा असतात, त्यामुळे शोषखड्ड्यातलं पाणी न गाळता लांबवर जातं. खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर, जमलं तर ३०, आणि नेहमी उताराच्या खालच्या बाजूला. तुमच्या खाली शेजाऱ्याची विहीर असेल तर अंतर तिच्यापासूनही मोजा. न्हाणीचं पाणी वेगळं काढून केळीला सोडा.

आवार

कंपाउंडची सिमेंटची भिंत पाणी अडवते, आणि अडलेलं पाणी एका पावसात ती भिंत आडवी करतं. गडगा बांधा. मसाल्याशिवाय रचलेल्या दगडांतून पाणी पाझरून जातं, फटींत नेचे उगवतात, दोन वर्षांत तो जुना दिसायला लागतो. बाकीच्या बाजूंना करवंदीचं कुंपण पुरे.

लॉन लावू नका. मेमध्ये त्याला पाजायला पाणी कुठून आणणार? जे आहे ते आधी ओळखा: कुडा, अंजनी, तोरण, रातांबा, जांभूळ. एखादं झाड घराच्या आड येत असेल तर घर वळवता येतं का ते बघा. नवी लावायची तर वायव्येला बकुळ किंवा उंडी, दाट सावलीची. सुरंगी खळ्याच्या कडेला; तिच्या वासासाठी. ऑस्ट्रेलियन बाभूळ वेगाने वाढते म्हणून कोणी सुचवली तर नको म्हणा. नारळ घरापासून वीस फूट लांब, कारण वादळात तो छपरावर पडतो. पाखाडी जांभ्याच्या ओबडधोबड चिऱ्यांची करा, दोन चिऱ्यांमधे गवताला जागा ठेवून. गाडी घरापर्यंत यायलाच हवी असं नाही; खाली सोडून पन्नास पावलं चढलं तर एक अख्खा उतार कापण्यावाचून वाचतो.

रात्रीच्या दिव्यांबद्दल कोणीच विचार करत नाही. मेच्या अखेरीला झाडांवर काजवे येतात, आणि एक मोठा पांढरा दिवा ते सगळं पुसून टाकतो. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि दिव्यांमुळे चुकतात. बाहेरचे दिवे पिवळट, खाली वळवलेले, गुडघ्याच्या उंचीवरचे ठेवा, आणि निजताना विझवा.

घर बंद करताना

जूनच्या पहिल्या आठवड्याआधी शाकारणी उरकलेली हवी. सरकलेली कौलं बसवणं, फुटलेली बदलणं, पन्हळीतली पानं काढणं, घरावर आलेल्या फांद्या छाटणं. पन्नासेक जादा कौलं मागीलदारी रचून ठेवा, पुढे त्याच मापाची मिळतीलच असं नाही. गाद्या, उशा, कपडे पत्र्याच्या ट्रंकांत, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट. कपाटांची दारं उघडी, फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे, वरचे झरोके जाळीसकट मोकळे. विजेचा मुख्य खटका बंद.

आणि किल्ली गावातल्याच कोणाकडे तरी द्या, पगार ठरवून. महिन्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडून, चुलीत दोन लाकडं पेटवून घराला धूर देणारं माणूस असेल, तर कौलांखालचं लाकूड कोरडं राहतं आणि गणपतीला दार उघडल्यावर कुबट वास येत नाही.